भरल्या गाडीला वाट

जिल्ह्याच्या कचेरीत गाडीच्या लायसनची परीक्षा फक्त मंगळवारी व्हायची. आर्डिस बाकावर बसून आपला नवरा नापास व्हावा म्हणून देवाची करुणा भाकत होती. मध्येच, तो पास व्हावा म्हणूनही. देवाने तरी काय करावं.

एल्डनची पुन्हा परीक्षा घ्या, असा अर्ज राज्याच्या वाहन खात्याकडे तिनेच केला होता. अर्जदाराचं नाव खातं फोडत नसे. महिन्यापूर्वी डायलिसिसहून परतताना तिचा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा गाडी मिसूरी नदीच्या पुलावर उभी. घराचा फाटा वीस मैल मागे राहिलेला. "आपण कुठे निघालोय गं?" एल्डन तिलाच विचारत होता.

दार उघडलं. परीक्षक पोरगी पुढे, एल्डन मागे, तोंड लालबुंद.

"नापास," तो बाकावर धपकन बसला. "चौकात आधी जायची पाळी माझी होती. पण समोर शेजारच्या मिलोचा ट्रक, मक्याने गच्च भरलेला. म्हटलं, जा बाबा आधी. हात केला, त्याचेच मार्क कापले हिने."

"मिस्टर कुचेरा, तुमचा हात बघून तिघं एकदम निघाले. थोडक्यात वाचले."

"सुगीत भरल्या गाडीला कोणी अडवतं का?"

"कायद्यात पाळी म्हणजे पाळी," पोरगी हळू आवाजात म्हणाली आणि त्याचं लायसन घेऊन आत गेली.

आर्डिसला भरून आलं. बिचारा हरला तो नेमकी जी रीत विसरला नव्हता तिच्यापायी.

"कोण मेला चुगली करून आला, कळू दे," एल्डन म्हणाला. "उद्या तुला डायलिसिसला कोण नेणार, याचा विचार केला का त्याने?"

"चर्चच्या पाद्रीबाई नेणार आहेत. मी बोलून ठेवलंय."

"केव्हा?"

तिला खोटं बोलता येईना. "पाच तारखेला."

परीक्षेला बोलावणारं पत्र आलं होतं बारा तारखेला. ते अजून एल्डनच्या हातातच होतं. त्याने वरची तारीख वाचली, पुन्हा वाचली. तिच्याकडे मात्र बघितलं नाही.

"पाद्रीबाईंना सांग," पत्राची घडी घालत तो म्हणाला, "येताना गाडी हळू घ्या म्हणावं. सुई काढल्यावर तुझा हात दुखतो."