तीन जुलैचं लग्न

विजयमालाने पिशवीतून लग्नपत्रिका काढली, बापूराव वकिलांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही घ्या. आता सही कुठे करायची तेवढं सांगा."

शेजारच्या खुर्चीत तिचा थोरला भाऊ रंगराव बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मुंढव्याच्या त्यांच्या वडिलोपार्जित सहा एकरांवर आता, दोन हजार तीन साली, संगणकवाल्या कंपन्यांच्या इमारती उठणार होत्या आणि बिल्डरला वारसांच्या सह्या हव्या होत्या. वडिलांनी, म्हणजे दत्तोबा ऊर्फ आबांनी, मरायच्या आधी मृत्युपत्र करून सगळी जमीन मुलाला दिली होती. मग बहिणीचं काम ते काय? यायचं, हक्कसोडपत्रावर सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि आपल्या घरी जायचं. तिच्या तिन्ही नणंदांनी तेच केलं होतं. पण रंगरावने निरोप धाडला होता, येताना तुझी लग्नपत्रिका आण. हे आणखी कशाला, म्हणून ती जास्तच तापली होती.

आणि लग्नाचं नाव याने काढावं? चौऱ्याण्णव साली तिचं लग्न ठरलं होतं आठ मेला. पत्रिका वाटून झाल्या, मांडवाचे बांबू दारात येऊन पडले, आणि हा बहाद्दर पाठ धरून अंथरुणावर पडला. डॉक्टर झाले, हाडवैद्य झाला, कुणाला काही सापडेना. एकुलता एक भाऊ आत कण्हतोय आणि दारात वाजंत्री कशी लावायची? दत्तोबांनी उठताबसता त्याचा उद्धार केला. सोयरीक मोडता मोडता वाचली. दीड महिना पठ्ठ्या जागचा हलला नाही. मग जूनच्या तेवीस तारखेला सकाळी उठला, चहा प्याला आणि सायकल काढून थेट मंडईत गेला. गावाने तोंडात बोटं घातली. पुन्हा पत्रिका छापल्या आणि तीन जुलैला लग्न लागलं. "खर्च टाळायला सोंग केलं तुझ्या भावाने," हे तिच्या सासूने नऊ वर्षं ऐकवलं. तिलाही ते पटलं होतं. ती माहेरी जायची ती पाहुण्यासारखी, भावाशी बोलायची ते कामापुरतं.

बापूरावांनी पत्रिकेवरची तारीख दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"ताई, हक्कसोडपत्र मी केलेलंच नाही. तुमच्या वडिलांनी मुलाला सहा एकर दिले खरे, पण त्यातले दोन त्यांचे नव्हतेच. ते तुमचे आहेत."

"माझे? कसे काय?"

"वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क, असा कायदा आपल्या राज्यात चौऱ्याण्णव साली आला. ज्यांची लग्नं आधीच झाली होती, त्या मुलींना मात्र त्यातून वगळलं. कायदा लागू झाला बावीस जूनला. तुमचं लग्न तीन जुलैचं, म्हणून वडील, भाऊ आणि तुम्ही असे तिघांचे दोन-दोन एकर. मेमध्ये झालं असतं, तर मृत्युपत्रापुढे तुमचं काही चाललं नसतं."

बावीस जून. आणि तेवीसला दादाची पाठ बरी झाली. विजयमालाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं. तो छताच्या पंख्याकडे असा बघत होता, जणू तो दुरुस्त करायलाच आला होता. केवढ्या शिव्या खाल्ल्या या माणसाने, आणि त्यातल्या निम्म्या आपल्याच होत्या. तिला स्वतःची लाज वाटली.

"दादा, एका शब्दाने बोलला नाहीस?"

"कुणाला बोलणार?" रंगराव पंख्यावरची नजर न काढता म्हणाला. "आबांच्या कानावर गेलं असतं, तर तुझं लग्न दुसऱ्या दिवशी देवळात लावून मोकळे झाले असते. मागनं कळलं असतं, तर तुला बसवून सही घेतली असती. म्हातारा काय ऐकणाऱ्यातला होता?"

विजयमालाने पदराने डोळे पुसले.

"त्या एप्रिलमध्ये हा माझ्याकडे आला होता," बापूराव म्हणाले. "कायदा येणार अशी नुसती चर्चा होती. दुसऱ्या राज्यांत आला तेव्हा लग्न झालेल्या मुलींचं काय झालं, ते याने मला खोदून खोदून विचारलं. तीस वर्षं मी जमिनीची भांडणं लढतोय, ताई. आपला वाटा कमी कसा होईल, हे विचारायला आलेला माणूस मी एवढाच पाहिला."