चिंतेवरचं टिंब

छापखान्यातल्या जुळाऱ्याने घरून आणलेल्या मॉनिटरवरची चादर काढली, तेव्हा सेकंडहँड लॅपटॉपच्या त्या दुकानातले दोन-चार जुने लॅपटॉप लाजून आपोआप मिटले म्हणतात. काउंटरभर रुंद, लखलखीत, फोर-के. जावयाने दिलेला.

"हा पेलेल असा लॅपटॉप दाखवा," जुळारी म्हणाला. "सगळ्या बारकाव्यांसकट. मला हल्ली अनुस्वार दिसत नाहीत."

धंदा अक्षरं जुळवायचा, आणि अनुस्वार दिसत नाहीत! गेल्याच आठवड्यात एका दवाखान्याचं पत्रक त्याच्या हातून छापायला गेलं होतं: 'रुग्णाने चिता सोडून घरी जावे.' छापखान्याच्या मालकाने बजावलं, आणखी एक टिंब हरवलं की तुम्हीही हरवा. तेच पान पेनड्राइव्हवर घेऊन जुळारी बायकोसह आला होता. ज्या लॅपटॉपवर चूक दिसेल तो घ्यायचा.

दुकानदाराला गल्लीत सगळे 'चालतंय' म्हणत. काहीही विचारा, उत्तर तेच.

पहिला लॅपटॉप उघडला. तळहात टेकायच्या जागी घामाचे दोन काळे डाग, लॅपटॉपचा आधीचा मालक अजून तिथेच रेलून बसलाय असं वाटावं. मॉनिटरवर अक्षरं आली ती पाण्यात पडलेल्या पावासारखी फुगून.

"दुसरा," बायको म्हणाली. तिने पदर नाकाला लावला होता.

दुसरा उलटा करून झटकला. चुरा, नखं, कसलीशी खपली. पंख्याच्या जाळीतून केसांचा बुचका निघाला, अर्धा काळा, अर्धा पांढरा. आधीचा मालक तो सुरू व्हायची वाट बघता बघता म्हातारा झाला असावा. अक्षरं मात्र पहिल्यापेक्षा बरी आली. फक्त माउसचा बाण तुटक्या चपलेतून पाय ओढत निघाल्यासारखा.

"अहो, हे अडखळतंय," बायको म्हणाली.

"चालतंय म्हणालो, काकू. पळतंय कुठे म्हणालो?"

तिसरा बरा होता. त्याला टाइप-सीची खोबण होती, पण ती मळाने बुजलेली. चालतंयने दातात धरलेली काडी काढली, खोबणीत घालून फिरवली, टोकाला आलेला मऊ, करडा गोळा विजारीला पुसला आणि काडी पुन्हा दातात धरली. बायकोने भिंतीकडे तोंड केलं.

वायर जोडली. पान उमटलं आणि जुळारी ती काडी विसरला. काय अक्षरं! वेलांट्यांच्या कडासुद्धा कोरलेल्या. त्याने ती ओळ मोठी केली, वाकला आणि ओरडलाच.

"अगं, टिंब आहे! 'चिंता'च आहे! मी बरोबर होतो, तो छापखान्याचा मालकच आंधळा!"

बायको वळली. तिने बघितलं. तेवढ्यात टिंब चालू लागलं.

'चि'वरून उतरलं, 'सोडून' ओलांडलं, 'घरी'च्या वेलांटीशी घुटमळलं आणि 'जावे'च्या डोक्यावर जाऊन बसलं. मिश्या हलवत.

"झुरळाचं पिल्लू!" बायको किंचाळली. "शी! अख्खं खानदान असेल त्या लॅपटॉपात!"

"असू द्या हो काकू, वेगळे पैसे नाही लावत," चालतंय म्हणाला आणि चिरडायला अंगठा पुढे केला. जुळाऱ्याने त्याचा हात धरला. त्या अंगठ्यापेक्षा झुरळ स्वच्छ होतं.

"'घरी जावें'," बायकोने वाचलं. "बघा, त्यालासुद्धा कळतंय. उठा."

जुळारी उठला नाही. मघाशी 'चि'वर टिंब होतं तिथे आता काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं त्याला बिनचष्म्याचं दिसत होतं. अक्षराचं इतकं रिकामं डोकं त्याने कैक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"आमच्या शाळेत 'जावें' असंच लिहायचे," तो हळूच म्हणाला. "जुन्या नियमानं शुद्ध आहे."

"अहो, त्याची पिल्लं उद्या माझ्या भांड्यांत शुद्धलेखन करतील!"

त्याने ऐकलं नाही. मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसा त्याने दोन बोटांनी लॅपटॉप उचलला, क्षणभर लांब धरला, आणि मग डोळे मिटून छातीशी घेतला.