आप्पांची फळी

साहेब, तुम्ही हातात एक लोखंडी कडं घेऊन येता आणि माणसं मोडीत काढता. मातीच्या वाडग्याच्या काठावर कडं ठेवायचं. जरा डुगडुगलं की वाडगा बाद. तीन खेपा बाद झाल्या की कारागिराचं चाक काढून घ्यायचं. चाळीस वर्षांचा हात, आणि तो निकालात काढायला तुम्हाला चाळीस सेकंदही लागत नाहीत. कोणी दिला हा अधिकार तुम्हाला?

हे सगळं लेक मनातल्या मनात बोलली. तोंडाने ती "या साहेब" म्हणाली आणि बापाची, आप्पांची, वाडग्यांची फळी पुढे सरकवली.

कार्यशाळा चालवणाऱ्या मंडळाच्या साहेबाने बाराही वाडग्यांवर कडं ठेवलं. एकदाही डुगडुगलं नाही. या वयात इतका स्थिर हात, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. पोरांनी काही शिकावं, असंही म्हणाला. मागून भट्टीवाल्याने आप्पांना विचारलं, कोणतं टॉनिक घेता ते आम्हालाही सांगा, आमची तर सकाळी चहाची बशीसुद्धा हलते. कार्यशाळा हसली. आप्पा सगळ्यात शेवटी हसले, तेही जेमतेम.

लेक हसली नाही. त्या बारांतला एकही वाडगा आप्पांचा नव्हता.

गेल्या वर्षी आप्पांच्या दोन खेपा लागोपाठ बाद झाल्या होत्या. तिसरी झाली असती तर चाक गेलं असतं. आई गेल्यापासून त्या माणसाला चाकाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे अवघडून बसत. लेकीला ते बघवेना. तीही त्याच कार्यशाळेत, पलीकडच्या चाकावर. आप्पांनी घडवलेल्या वाडग्यांची बुडं तासायची आणि ते भट्टीला लावायचे, हे काम आधीपासून तिचंच होतं. त्यामुळे कोणाला विचारायची गरज पडली नाही. सकाळी आप्पा यायच्या आत ती त्यांचे वाकडे वाडगे चिखलाच्या पिंपात टाकी आणि त्या जागी आपले ठेवी. कच्ची माती पाण्यात पडली की चार बुडबुडे येतात. मग काही उरत नाही.

आप्पांच्या वाडग्यांचा जाड काठ तिने आपल्या वाडग्यांत उचलला, बसकं पोट उचललं, रुंद बूड उचललं. ही फसवणूक नाही, सेवा आहे, असं तिने स्वतःला बजावलं. मन खायचं ते खातच राहिलं.

साहेब गेला. सगळे हात धुवायला नळावर गेले. आप्पा फळीवरचा एक वाडगा मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी लेकीला जवळ बोलावलं, डोळे मीट म्हणाले, आणि तिचं बोट वाडग्याच्या तळाशी ठेवलं. आत चाकावर घडवताना उमटलेल्या बोटांच्या बारीक वळ्या होत्या. बोट त्यांच्यावरून एका बाजूला गोल वळत, वर चढत काठापर्यंत आलं. मग त्यांनी आपला स्पंज ठेवायचा जुना वाडगा रिकामा केला आणि तिचं बोट त्यात ठेवलं.

बोट उलट्या बाजूने चढलं.

आप्पा डावखुरे. जन्मभर त्यांचं चाक उलटं फिरलं. तिने बाहेरून सगळं हुबेहूब उचललं आणि चाक मात्र आपल्या सवयीने फिरवलं. आत कोण बघतंय, असं वाटलं होतं. साहेबाच्या कड्याला ते कळणार नव्हतं. आप्पांच्या बोटाला कळलं होतं, तेही पहिल्याच खेपेला.

आप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. भट्टीतून माल निघाला की ते दर वेळी एकेका वाडग्यात बोट घालून आपला शोधत. पहिल्या महिन्यात सहा सापडले. दुसऱ्या महिन्यात तीन. मग पाच महिने एकही नाही. त्यांना राग आला नव्हता, असं ते शांतपणे सांगत होते. लेक एकेक वाडगा पारखते आहे, वाईट तेवढा काढते आहे, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. मंडळाचं कडं एक वेळ चुकेल, तुझी नजर मी घडवली आहे, ती चुकायची नाही, असं म्हणाले.

पहिले दोन महिने तिने खरोखरच पारखले होते. एकेक उजेडात धरला होता, फिरवला होता. काही तर इतके देखणे होते की पिंपाशी नेऊन परत आणले होते. मग घाई होऊ लागली. तिची स्वतःची फळी थांबायची. पाच महिने झाले, तिने आप्पांचा एकही वाडगा बघितला नव्हता. फळी उचलायची, पिंपात उलटी करायची आणि मान दुसरीकडे वळवायची.

"उद्या मीच मंडळात जाऊन सांगतो, चाक घेऊन जा म्हणून," आप्पा म्हणाले. "रडतेस कशाला? तुझं काही चुकलं नाही. तुला नाही पटले म्हणजे नसतीलच बरे."

तिने तोंड उघडलं. नळाकडून माणसं परत येऊ लागली होती. आप्पांनी तिचं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला.

"फक्त एवढं सांग. पाच महिन्यांत एकसुद्धा ठेवण्यासारखा नव्हता? खाली काय बघतेस? बापाने विचारलंय. एक तरी होता का?"