दुकानाची दर्शनी बाजू

तळघरात मांडलेल्या चिमुकल्या रेल्वेच्या स्टेशनासमोरच्या दुकानावर लॉइडने अलगद शेवटची पाटी चिकटवली आणि बायकोला हाक मारली. व्हर्ना कुरकुरतच जिना उतरली आणि थबकली. मेन स्ट्रीटवरचं, कधीच पाडून टाकलेलं तिच्या वडिलांचं बुटांचं दुकान तिथे उभं होतं. तेच हिरवं कापडी छत, तीच तडकलेली पायरी. "अरे, बाबांनी तुला कधी उंबरा ओलांडू दिला नाही, आणि तू त्यांचंच दुकान बांधलंस?" "तुझी वाट बघत दोन वर्षं समोरच्या फुटपाथवर उभा राहायचो. एकेक वीट पाठ झाली." तिने वाकून काचेतून डोकावलं. "आत काहीच नाही रे!" "आतलं मला कुठे माहीत?" लॉइड ओशाळून म्हणाला. व्हर्नाने स्टूल ओढलं, चष्मा चढवला आणि त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला. "सरक. दाराशी गल्ला होता. तिथे बसून मी तुलाच बघायचे."