हात लावू नये

मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्याच वर्षी मी प्रोजेक्टसाठी ब्रेडच्या तुकड्यावर बुरशी वाढवली होती. आईने तो तुकडा शिळा म्हणून फेकून दिला, वर डबा घासून पालथा घातला. मी घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून फ्रिजच्या खालच्या कप्प्यावर माझी चिठ्ठी आहे : ‘हात लावू नये.’

दुसऱ्या वर्षी मी हॉस्टेलवर राहायला गेले. पहिल्या सुट्टीत घरी आल्या आल्या फ्रिज उघडला. आत सगळं लख्ख. फक्त खालच्या कप्प्यात एक झाकलेली बशी, आणि बशीत हिरवंकाळं, केसाळ काहीतरी.

“आई, हे काय गं?”

“तुझंच आहे. हात नाही लावला.”

मी वाकून नीट पाहिलं. एका कडेला माझ्या दातांचा अर्धगोल अजून ओळखू येत होता.

“अगं, हे प्रोजेक्ट नाहीये! निघायच्या दिवशी घाईघाईत अर्धवट टाकलेलं सँडविच आहे.”

“माहितेय,” आई ओटा पुसत म्हणाली. “मीच वाढलं होतं. तू गेल्यावर ते आपलं आपण वाढलं.”