मागे नुसती भिंत

"मधला आरसा उगाच काळा पडतो," शेजारच्या सीटवरून बाई म्हणाल्या.

"उगाच नाही पडत, ताई." मेकॅनिकने किल्ली फिरवली. "त्याला दोन डोळे असतात. पुढचा अंधार ओळखतो, मागचा पाठीमागच्या गाडीचा झोत. अंधारात झोत आला की काच काळी पडते, म्हणजे आपले डोळे दिपत नाहीत."

भर दुपारी त्याने गॅरेजचं शटर ओढून घेतलं होतं. फटीतला उजेड नको म्हणून आरशाच्या पुढच्या डोळ्यावर काळी टेपही मारली होती.

"आता मागे नुसती भिंत. भिंतीतून कोण गाडी घालतंय?"

काच कडेकडून काळवंडू लागली.

त्याने वळून पाहिलं. भिंत, जुने टायर, अंधार. परत आरशात पाहिलं, तर काच आणखी काळी झालेली.

"झोत जवळ आला की असंच होतं ना?" बाईंनी हळूच विचारलं.

त्याने गिअरला हात घातला. रिव्हर्स टाकला की काच आपोआप स्वच्छ होते, एवढंच त्याला सुचलं.

बाईंनी झटकन त्याचं मनगट धरलं. "नको! काल आमच्या ह्यांनी टाकला होता."

"मग?"

"तेव्हापासून डोळेच उघडत नाहीत."

पण गिअर पडला होता. काच हळूहळू स्वच्छ होऊ लागली.