शर्टाचं शेपूट

आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात हरणावरचा नेम चुकला की शर्टाचं शेपूट, म्हणजे पाठीमागचं खालचं टोक, कापून शिकारी खोपटाच्या भिंतीला ठोकतात. मर्लचा शर्ट शाबूत होता आणि त्याची त्याला घमेंड होती. आज त्याने आपल्या संग्रहातली सर्वांत जुनी रायफल आणली होती, दर गोळीनंतर लिव्हर ओढून आतलं काडतूस बाहेर टाकावं लागणारी. हरीण दिसताच त्याने खटाखट लिव्हर ओढली. ते डुलत निघून गेलं. "सगळ्या गोळ्या झाडल्या," तो म्हणाला. "एकही लागली नाही." मी खाली बोट दाखवलं. बर्फात न झाडलेली काडतुसं पडली होती; गडी चाप ओढायलाच विसरला होता. "मग शर्ट वाचला की," मी म्हटलं. "शर्ट काप. खोपटातल्या मंडळींना हे कळलं तर जन्मभर छळतील." "पण बार कुणी ऐकलेच नाहीत." मर्लने काडतुसं उचलून भरली, समोरच्या ओंडक्यावर सगळी झाडली आणि पाठ फिरवली. "काप आता. ओंडकाही वाचला."